भाडं, भांडी आणि बेलिफ

ऑक्टोबर 2020. लॉकडाऊन बऱ्यापैकी उठला होता. सात महिन्यांनी मी बार्शीहून पुण्याला परत आलो आणि वाकडच्या फ्लॅटला माझी किल्ली लागेना. आधी वाटलं, गंज चढला असेल. मग लक्षात आलं की कुलूपच नवीन आहे.

मालकांना फोन केला, तो त्यांनी उचलला नाही. दहा मिनिटांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. आमच्याच हॉलचा. मधोमध आमच्या तिघांचं सामान रचून ठेवलेलं: माझा मॉनिटर आणि सीपीयू, तीन गाद्या, कूलर, शेगडी, कुकर, पुस्तकांचे दोन खोके. आणि सगळ्यात वर एक गिटार. ती आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. एका मित्राने ‘दोन दिवस ठेव’ म्हणून मार्चमध्ये आणून टाकली होती. फोटोखाली लिहिलं होतं: ‘पाच महिन्यांचे भाडे क्लिअर करा आणि सामान घेऊन जा. पंधरा दिवस थांबेन. नंतर विकून टाकणार.’

भाडं थकलं होतं, हे खरं. माझी पहिलीच नोकरी. एप्रिलमध्ये पगार निम्मा झाला आणि मेमध्ये बंद. बाकीच्या दोघांचंही तेच. मालक निवृत्त होते, फ्लॅटचं कर्ज फिटायचं होतं, हप्ता बँकेला थांबवता येत नव्हता, हेही खरं. त्या एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना निदान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलायला सांगितलं होतं. पण पुढे ढकललेलं भाडं माफ होत नाही, ते साचत जातं.

मी तेव्हा गपगुमान मामाकडून पैसे उसने घेतले. त्या सामानाचं काय झालं ते शेवटी सांगतो. पण एक प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला. त्या गृहस्थांना किंवा मला कायद्यातलं काही कळत नव्हतं. तरीही ‘भाडं थकलं म्हणजे सामान माझं’ हे त्यांना इतकं स्वाभाविक वाटलं आणि मलाही त्यात फार काही वावगं वाटलं नाही. हे आमच्या दोघांच्याही डोक्यात कुणी भरलं होतं?

उत्तर शोधताना मी साडेसातशे वर्षं मागे गेलो आणि फिरून लालबागच्या एका चाळीत आलो.

तारण, विक्री नव्हे

आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे: जप्ती. तो अरबीतून आला. जप्तीनंतर येणारा ‘लिलाव’ पोर्तुगीजांकडून आला. पण ज्या हक्काबद्दल मी बोलतोय त्याचं इंग्लंडमधलं कायदेशीर नाव आहे ‘डिस्ट्रेस’. आज या शब्दाचा अर्थ आपण दुःख, संकट असा घेतो. मुळात लॅटिनमध्ये तो आवळणे, पिळणे, भाग पाडणे या अर्थाचा. भाडेकरूने भाडं थकवलं की जमीनमालकाने कोर्टाची पायरी न चढता थेट त्याच्या जागेत जायचं आणि हाताला लागेल ती चीजवस्तू ताब्यात घ्यायची, याला म्हणायचं डिस्ट्रेस.

मध्ययुगात ही वस्तू म्हणजे बहुतेक वेळा गुरंढोरं. मालक ती हाकलत नेऊन कोंडवाड्यात घालायचा. पण यात एक मेख होती. तो ती विकू शकत नव्हता. पकडलेल्या बैलाला स्वतःच्या नांगराला जुंपूही शकत नव्हता. ते फक्त तारण होतं. भाडं दे, बैल घेऊन जा. आणि भाडेकरूचं म्हणणं असेल की मी काही देणं लागत नाही, तर तो जामीन देऊन बैल सोडवून घ्यायचा आणि मग वाद कोर्टात जायचा. म्हणजे मूळ कल्पना एवढीच होती की समोरच्याला बोलायला भाग पाडायचं. आपल्याकडे सावकार ऋणकोच्या दारात धरणं धरून बसायचा, त्याच्या जवळची ही गोष्ट. हेन्री मेन नावाचा कायदेपंडित 1860च्या दशकात व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा कायदा सदस्य म्हणून भारतात होता. त्याने 1875 साली हीच तुलना लिहून ठेवली. जुन्या आयरिश कायद्यात मोठ्या माणसाची वस्तू जप्त करण्याआधी त्याच्या दाराशी उपाशी बसावं लागे आणि मेनला त्यात आपलं धरणं दिसलं.

अर्थात तारणाच्या नावाखाली दांडगाई होतीच. त्यामुळे 1267 साली तिसऱ्या हेन्रीच्या काळात मार्लबरो इथे झालेल्या कायद्याने काही कुंपणं घातली. सूड म्हणून, कोर्टाला डावलून जप्ती करायची नाही. पकडलेली जनावरं दुसऱ्या परगण्यात हाकलायची नाहीत. हमरस्त्यावर पकडायचं नाही. येणं थोडं आणि जप्ती भरमसाठ, असं करायचं नाही. गंमत म्हणजे या कायद्याची काही कलमं आपण स्मार्टफोन वापरायला लागलो तेव्हाही ब्रिटनच्या पुस्तकात जिवंत होती. तिथला आजही लागू असलेला सगळ्यात जुना लिखित कायदा म्हणून त्याचंच नाव घेतात.

मोठा बदल चार शतकांनी झाला. 1689चा म्हणून ओळखला जाणारा एक कायदा विल्यम आणि मेरी यांच्या काळात आला. नुसतं अडकवून ठेवून मालकाचा फायदा होत नाही, असं पार्लमेंटचं म्हणणं पडलं. पार्लमेंटमध्ये बसलेले बहुतेक लोक स्वतःच जमीनमालक होते, हे इथे लक्षात ठेवायला हवं. आता नियम असा झाला की माल जप्त करायचा, नोटीस द्यायची, पाच दिवस थांबायचं, शपथ घेतलेल्या दोघांकडून किंमत करून घ्यायची आणि विकायचा. तारणाची विक्री झाली. न्यायाधीशाने एक कागदही न बघता.

1737 साली यात भर पडली. भाडं चुकवण्यासाठी भाडेकरूने गुपचूप सामान हलवलं, तर तीस दिवसांपर्यंत मालक त्याचा पाठलाग करून ते जिथे असेल तिथे पकडू शकत होता. सामान लपवायला मदत करणाऱ्याकडून त्या मालाच्या दुप्पट किंमत वसूल होऊ शकत होती.

खिडकी किती उघडी होती?

इतका मोठा हक्क दिला, की त्याच्या कडेने बारीक बारीक नियमांचं जाळं तयार होतं. प्रोग्रॅमर लोकांना हे ओळखीचं वाटेल. मूळ डिझाइनमध्ये गडबड असेल तर माणूस डिझाइन बदलत नाही, अटी वाढवत जातो.

पहिला नियम वेळेचा. जप्ती सूर्योदय ते सूर्यास्त यांच्यातच. दुसरा दाराचा. बाहेरचं दार फोडायचं नाही. उघडं असेल तर आत जायचं. एकदा आत गेलं की आतली दारं फोडायला हरकत नाही. मग प्रश्न आला खिडकीचा आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश न्यायाधीशांनी त्यावर अत्यंत गंभीरपणे निकाल दिले. खिडकी उघडी असेल तर आत चढणं कायदेशीर. बंद आहे पण कडी नाही, अशी खिडकी सरकवून आत शिरणं बेकायदेशीर. हा निकाल 1867चा. अर्धवट उघडी असेल तर ती आणखी उघडून शिरणं कायदेशीर. हा निकाल 1885चा. म्हणजे एका कुटुंबाच्या पलंगाचं आणि भांड्यांचं भवितव्य त्या दिवशी हवा खेळती राहावी म्हणून कुणी खिडकी वीतभर उघडी ठेवली होती का, यावर.

घरात शिरल्यावर पाच दिवस माल कुणी हलवू नये म्हणून एक माणूस तिथेच बसवायचे. तो त्यांच्या चुलीपाशी बसायचा, तिथेच जेवायचा, तिथेच झोपायचा. डिकन्सच्या 1836 साली पुस्तकरूपात आलेल्या ‘स्केचेस बाय बॉझ’मध्ये असाच एक माणूस आपण कोणाकोणाच्या घरी बसलो ते सांगतो. वाचताना जाणवतं की सामान जाण्याइतकीच, कदाचित जास्त, लाज त्या बसलेल्या माणसाची होती. तो दिसला की गल्लीला सगळं कळायचं.

मग लोक काय करायचे? रात्री पळायचे. सूर्यास्तानंतर जप्ती नाही, मग हातगाडीवर सामान टाकून अंधारात दुसरीकडे. लंडनच्या कामगार वस्त्यांत हे इतकं सर्रास होतं की 1919 साली मारी लॉइड या गायिकेने त्यावरच एक गाणं गाजवलं. सामानाची गाडी नवऱ्याबरोबर पुढे गेलेली, बायको पक्ष्याचा पिंजरा घेऊन मागून चालतेय, वाटेत दोन घोट घेते आणि नव्या घराचा रस्ताच चुकते. लोक हसत होते, कारण ते प्रत्येकाने कधी ना कधी केलेलं होतं.

पाळणासुद्धा

फोटोतली ती गिटार आठवतेय? जुन्या इंग्लिश कायद्यात ती बिनदिक्कत गेली असती. जागेत सापडलेला माल कुणाचा आहे हे मालकाने बघायची गरज नव्हती. जागेत आहे ना, मग उचला. सगळ्यात जास्त हाल व्हायचे पोटभाडेकरूंचे. तुम्ही तुमचं भाडं मधल्या माणसाला वेळेवर दिलं, त्याने ते वरच्या मालकाला दिलं नाही, तर वरचा मालक येऊन तुमचा पलंग नेऊ शकत होता.

याचं एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या घरातलं आहे. 1850चा वसंत. लंडनमध्ये चेल्सी भागात अँडरसन स्ट्रीटवर एक निर्वासित जर्मन कुटुंब राहत होतं. नवरा लेखक, कमाई जवळजवळ शून्य. मुलं चार, सगळ्यात धाकटा गीडो सहा महिन्यांचा. बायकोचं नाव जेनी, नवऱ्याचं कार्ल मार्क्स.

20 मे 1850 रोजी जेनीने फ्रँकफर्टमधल्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं. त्यात तिने जे घडलं ते सांगितलंय. घरमालकीण स्वतःच दुसऱ्या मालकाची भाडेकरू होती आणि त्या मालकाने पूर्वी तिच्यावरही जप्ती आणली होती. म्हणून मार्क्स कुटुंबाने तिच्याशी ठरवलं होतं की यापुढचं भाडं थेट वरच्या मालकाला देऊ. आता बाई आली आणि म्हणाली, असं काही ठरलंच नव्हतं, माझे पाच पौंड टाका. पाच पौंड घरात नव्हते. दोन बेलिफ आले. पलंग, चादरी, कपडे, सगळं त्यांनी जप्तीत धरलं. तान्ह्या गीडोचा पाळणासुद्धा. मुलींची चांगली खेळणीसुद्धा. मुली रडत उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी घर सोडायचं ठरलं. जप्तीची बातमी फुटली होती, त्यामुळे औषधवाला, पाववाला, खाटीक, दूधवाला असे सगळे आपापली बिलं घेऊन धावत आले. त्यांची देणी भागवायला जेनीने पलंग विकले. ते हातगाडीवर चढवेपर्यंत सूर्य मावळला. आणि घरमालक पोलीस घेऊन हजर. सूर्यास्तानंतर सामान हलवताय, म्हणजे आमचंही काही त्यात असणार आणि तुम्ही देश सोडून पळताय! पाच मिनिटांत दारासमोर दोन-तीनशे माणसं जमली. पलंग पुन्हा घरात गेले आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर खरेदीदाराच्या हवाली झाले.

या पत्राकडे लोक सहसा मार्क्सच्या गरिबीचा पुरावा म्हणून बघतात. मला त्यात आधी सांगितलेले सगळे नियम एकापाठोपाठ एक चालताना दिसले. मधला भाडेकरू, तोंडी करार, बेलिफ, सूर्यास्त, गुपचूप सामान हलवल्याचा संशय. आणि सगळ्यात अंगावर येते ती मालकीण. तिच्यावर स्वतः एकदा जप्ती आली होती. त्यातून ती शिकली ते एवढंच, की जप्ती कशी आणायची.

पोटभाडेकरूंच्या मालाला संरक्षण मिळायला 1871 उजाडलं. बिछाना, अंगावरचे कपडे आणि पाच पौंडांपर्यंतची अवजारं जप्तीतून वगळायला 1888. आणि त्याच वर्षी ठरलं की हे काम करणाऱ्या बेलिफकडे न्यायाधीशाचा दाखला हवा. गीडो मार्क्स मात्र 1850च्याच नोव्हेंबरमध्ये वारला होता.

चालू असलेलं मशीन

या सगळ्या पॅचवर्कमधला एक नियम मला फार आवडतो. 1744 साली इंग्लंडमध्ये एक खटला चालला. पायमोजे विणणाऱ्या एका कारागिराचं यंत्र घरमालकाने थकलेल्या भाड्यापोटी जप्त केलं. यंत्र कारागिराचं नव्हतंच, त्याने ते भाड्याने आणलं होतं. जप्ती झाली तेव्हा त्याचा शिकाऊ मुलगा त्या यंत्रावर बसून मोजा विणत होता. कोर्ट म्हणालं, ही जप्ती बेकायदेशीर. यंत्र वापरात होतं. ज्या वस्तूवर त्या क्षणी माणसाचा हात चालू आहे, ती ओढून घ्यायची नाही, कारण मग मारामारीच होणार. वापरात नसलेली अवजारंही घ्यायची नाहीत, जर भाडं भागेल इतका दुसरा माल घरात असेल तर. दुसरं काही नसेल आणि अवजार नुसतं पडून असेल, तर मात्र ते गेलं.

हा नियम इंग्लंडमधून बोटीत बसून भारतात आला. पण आधी आला तो हक्क, नियम मागाहून.

कायमधाऱ्याबरोबरच 1793 साली बंगालच्या जमीनदारांना रयतेचं पीक आणि चीजवस्तू कोर्टात न जाता जप्त करायचे अधिकार मिळाले. 1799चा सातवा नियम तर इतका कडक होता की रयतेने त्याला नावच ठेवलं ‘हप्तम’, सातवा. या नियमाच्या जोरावर जमीनदार कुळांना कचेरीत ओढून आणत. 1812 साली काही लगाम घालणारा पाचवा नियम आला, तो ‘पंजम’. कुळाला बळजबरीने कचेरीत आणण्याचा अधिकार 1859च्या कायद्याने काढून घेतला आणि जप्ती फक्त शेतातल्या पिकापुरती ठेवली. 1885 साली तीही कोर्टामार्फतच करायची असं ठरलं. म्हणजे नांगर हाकणाऱ्याला ‘आधी कोर्टात जा’ एवढं वाक्य मिळवायला ब्याण्णव वर्षं लागली.

शहरांसाठी वेगळी व्यवस्था होती. 1882 साली इलाख्यांच्या राजधान्यांसाठी, म्हणजे कलकत्ता, मद्रास आणि मुंबईसाठी, लघुवाद न्यायालयांचा कायदा झाला आणि त्यात डिस्ट्रेसवर एक पूर्ण प्रकरण होतं. इंग्लंडपेक्षा ते एका बाबतीत पुढे होतं. घरमालकाने स्वतः जायचं नाही. कोर्टात अर्ज करून वॉरंट घ्यायचं आणि कोर्टाचा बेलिफ जाईल. सूर्योदय ते सूर्यास्त. बारा महिन्यांपेक्षा जुनी थकबाकी यात नाही. फक्त देणेकऱ्याचाच माल धरायचा. पाच दिवसांनी किंमत, मग विक्री. बायकांसाठी राखलेल्या, रूढीने खाजगी मानलेल्या खोलीत शिरायचं नाही. आणि बेलिफने काय घ्यायचं नाही त्याच्या यादीत पहिलंच होतं: प्रत्यक्ष वापरात असलेल्या वस्तू. दुसरं: वापरात नसलेली अवजारं, दुसरा पुरेसा माल असेल तर. तिसरं: अंगावरचे गरजेचे कपडे.

मोजे विणणाऱ्या त्या मुलाचा नियम जसाच्या तसा मुंबईत पोचला होता. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा लॅपटॉप बाजूला ठेवला आणि आजीला फोन लावला.

लालबाग

आमच्या घरात पणजीची एक गोष्ट सांगतात. आजी तेव्हा सहा-सात वर्षांची होती. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, पणजोबा गिरणीत. छातीच्या दुखण्याने ते काही महिने घरी होते आणि भाडं थकलं. एक दिवस दुपारी बेलिफ आला, बरोबर मालकाचा भय्या. पणजीकडे शिवणाचं मशीन होतं. चाळीतल्या बायकांची पोलकी शिवून ती घर रेटत होती. बेलिफ दारात दिसला तशी ती मशीनवर बसली आणि पाय मारायला लागली. तो घरातलं लिहून घेत होता, आणि ती शिवत होती. त्याने पाणी मागितलं, ते आजीने दिलं. पणजी उठली नाही. आजी सांगते, सुईत दोरा नव्हता. कापडही नव्हतं. मशीन नुसतंच चालत होतं.

तो गेला तेव्हा घंगाळ, तांब्याचा हंडा आणि भिंतीवरचं घड्याळ बरोबर गेलं. मशीन राहिलं.

आम्ही ही गोष्ट आजवर पणजीच्या हट्टीपणाची म्हणून ऐकली. ‘बाईने मशीन सोडलंच नाही!’ असं म्हणत सगळे हसायचे. मी आजीला विचारलं, तिला कुणी सांगितलं होतं का की चालू मशीन नेता येत नाही म्हणून? आजी म्हणाली, “अरे, खालच्या मजल्यावरचे एक जण कोर्टात शिपाई होते. त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, आज येणारेत, उठू नका म्हणून.” हे आजीने मला पहिल्यांदाच सांगितलं. ऐंशी वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

पणजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. 1744चा खटला, 1882चा कायदा, यातलं तिच्यापर्यंत पोचलं ते एका शिपायाच्या तोंडून, दोन शब्दांत: उठू नका. बायकांच्या खोलीत शिरायचं नाही, हा नियम मात्र तिच्या कामाचा नव्हता. एका खोलीत सहा माणसं राहत असतील तर त्यातली बायकांची खोली कुठली? तो नियम वाड्या-बंगल्यांतल्यांसाठी होता. कायदा कुणाची कल्पना करून लिहिलाय ते अशा जागी कळतं.

हक्क कसा विझला

डिस्ट्रेस कुणी एका झटक्यात मोडून काढला नाही. तो हळूहळू विझला आणि त्याची सुरुवात बायकांनी केली. 1915 साली युद्धाच्या ऐन धामधुमीत ग्लासगोच्या मालकांनी भाडी वाढवली. घरातले पुरुष आघाडीवर किंवा कारखान्यात. मेरी बार्बर आणि तिच्यासारख्या बायकांनी गल्लोगल्ली भाडं न देण्याचा संप उभा केला. कोर्टाचा माणूस गल्लीत दिसला की घंटा वाजायची, बायका धावत यायच्या आणि त्याला पिठाने पांढरा करून परत पाठवायच्या. नोव्हेंबरमध्ये हजारो लोक कोर्टावर चालून गेले. डिसेंबरमध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. 1920च्या कायद्याने अशा संरक्षित घरांत कोर्टाच्या परवानगीशिवाय जप्ती करायला मनाई केली.

युद्धकाळातली ती कल्पना तीन वर्षांत मुंबईत आली: 1918चा मुंबईचा भाडे कायदा. पुढे 1947चा, पुढे 1999चा. पागडी, जुनी भाडी, पडक्या चाळी, यावरून त्या कायद्यांना शिव्या देणारे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या काही रास्तही आहेत. पण ते कायदे कुठल्या भीतीतून आले हे विसरून चालत नाही. जप्तीच्या सर्वसाधारण नियमांतही तीच जाणीव आहे. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 60व्या कलमात कोर्टाच्या हुकुमानेही काय जप्त करता येत नाही ते सांगितलंय: कुटुंबाचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, बिछाने, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याचे बैल आणि बी-बियाणं, आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र.

इंग्लंडमध्ये कायदा आयोगाने 1991 साली डिस्ट्रेस रद्द करायची शिफारस केली. 2007 साली कायदा झाला आणि 6 एप्रिल 2014 रोजी तो लागू झाला. आता तिथे राहत्या घरातलं सामान भाड्यासाठी असं उचलता येत नाही. फक्त दुकानं, ऑफिसं अशा धंद्याच्या जागांसाठी एक नवी पद्धत आहे. त्यात आधी सात दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि परवानाधारक माणसालाच जावं लागतं. त्या पद्धतीतही माणसाच्या कामाच्या वस्तू 1,350 पौंडांपर्यंत वगळल्या आहेत. यादीत अवजारं, पुस्तकं, फोन आहेत आणि कॉम्प्युटरही आहे. विणकाराच्या यंत्रापासून निघालेला तो नियम शिवणाच्या मशीनवरून माझ्या टेबलापर्यंत येऊन पोचलाय.

गिटार

मामाने पैसे दिले. डिपॉझिट वळतं करून उरलेलं भाडं आम्ही भरलं आणि सामान आणायला गेलो. मॉनिटर, सीपीयू, पुस्तकं मिळाली. कूलर आणि गिटार नव्हती. पंधरा दिवस थांबतो म्हणाले होते, थांबले नव्हते. कूलर विकला म्हणाले. गिटारबद्दल विचारलं तर म्हणाले, “त्याचे काय आले असतील! दिली कुणाला तरी.” आम्ही वाद घातला नाही. कोर्टाच्या आदेशाशिवाय सामान असं अडकवून ठेवता येत नाही आणि विकता तर येतच नाही, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. तिघं इंजिनिअर, तिघांच्या खिशात इंटरनेट आणि एकालाही शोधून बघायचं सुचलं नाही. आपणच भाडं थकवलंय, मग कुठल्या तोंडाने बोलायचं, असं वाटत राहिलं. ही लाज फार उपयोगी असते, समोरच्याला. डिकन्सच्या काळात ती निर्माण करायला एक माणूस घरात बसवावा लागे. आमच्या बाबतीत एक फोटो पुरला.

ज्याची गिटार होती त्याला मी हप्त्याहप्त्याने पैसे दिले. तो नको म्हणत होता.

पणजीचं मशीन आजीकडे अजून आहे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा त्यावर टीव्ही ठेवलेला होता. टीव्ही उतरवला, पट्ट्याला तेल दिलं, पायाने जरा हलवून बघितलं. चालतं.